कामरगावचं वऱ्हाड

माणसाचा दिवस जातो कुठे, हा प्रश्न एकदा पडला की त्या माणसाचं पुढे काही खरं नाही, असं माझं आता ठाम मत झालेलं आहे. ज्यांना तो पडत नाही ते सुखानं जेवतात आणि सुखानं झोपतात. मला तो पडला, आणि तोही ऐन माघात, नोकरी टांगणीला लागलेली असताना.

झालं असं, की रिसोडच्या आमच्या कचेरीतल्या जुन्या दस्तऐवजांना वाळवी लागली. कोणाचं गहाणखत आणि कोणाचं बक्षीसपत्र याच्याशी वाळवीला कर्तव्य नसतं. ती सरसकट खाते. तेव्हा उरलेलं सगळं नव्या कागदावर उतरवून घ्यावं असा वरून हुकूम आला. आम्ही दोघे उमेदवार नकलनवीस होतो, मी आणि जानराव. साहेबांनी दस्तांचे दोन सारखे ढीग केले, एक माझ्यापुढे सारला, एक जानरावापुढे, आणि सांगितलं की शिमग्याच्या आत ज्याचा ढीग आधी संपेल तो कायम होईल. दुसऱ्यानं आपली शेती पाहावी. कचेरीत वाळवी फिरत असल्यामुळे कागद घरी नेऊन लिहायची मुभा होती. जानरावाला शेती होती. मला नव्हती, हे साहेबांना माहीत होतं की नाही कोण जाणे.

आता जानरावाचं अक्षर म्हणजे जमीन विकणाऱ्याची की घेणाऱ्याची हे वाचून कळू नये. माझं अक्षर असं, की दस्त राहू दे, नुसती नक्कल हातात घेऊन बसावं. पण हा जानराव तोंडात सुपारी टाकून सकाळी बसे, सुपारी संपेपर्यंत एक दस्त संपवी, आणि दुसरी टाकी. संध्याकाळी त्याच्याकडे पाच-सहा नकला झालेल्या असत आणि माझ्याकडे एक, तीही अर्धी. बरं, मी काही झोपा काढत नव्हतो. मी दिवसभर लिहीतच होतो असं मला स्पष्ट आठवे. मग लिहिलेलं कुठे जाई? तेव्हा ठरवलं, की आपला वेळ मोजायचा. शिस्तीनं, साधन आणून मोजायचा.

माझी बायको मनकर्णाबाई म्हणाली, की मोजून तो वाढणार आहे काय. बायकांना शास्त्रीय दृष्टी नसते, म्हणून मी खडू आणायला गेलो.

पहिलं साधन म्हणजे ऊन. आमच्या ओसरीच्या खांबावर मी खडूनं रेघा आखल्या; सावली या रेघेवर आली की एक दस्त, त्या रेघेवर आली की दुसरा. योजना उत्तम होती. पण शेजारचे इंद्रभानजी, ज्यांनी कापडाचं दुकान मुलाच्या हवाली करून उरलेलं आयुष्य आमच्या ओसरीच्या हवाली केलं होतं, ते रोज नेमके त्याच खांबाला पाठ टेकून बसत. माझी सकाळ आणि दुपार त्यांच्या अंगरख्यावर उमटे आणि ते ती घेऊन बाजारात जात. त्यांना काही बोलायची सोय नव्हती, कारण ते वडीलधारे होते आणि आम्ही पाणी भरायचो तो आड त्यांच्या वाड्यात होता.

मग तांड्यावरचा गाडीवान प्रेमसिंग यानं पहाटेची वेळ कळावी म्हणून कोंबडा आणून दिला. तो कोंबडा मनाला येईल तेव्हा आरवे. मनकर्णाबाईनं त्याला परत पाठवला. मग मी कापसाच्या जिनाच्या भोंग्यावर भिस्त ठेवली, तर भोंगा वाजवणारा माणूस बहिणीच्या गावी गेला. कचेरीत घड्याळ होतं, पण त्याचं तोंड साहेबांच्या खोलीकडे होतं. ते दिवसातून एकदा पाहू द्यावं असा मी रीतसर अर्ज केला. तो मुदतीत दाखल झाला नाही या कारणानं नामंजूर होऊन आला. किती वाजता दाखल करायचा होता ते कळायलाच तर मला घड्याळ पाहायचं होतं, पण हे लिहून कळवायला दुसरा अर्ज लागला असता. एवढ्यात जानरावाचा ढीग गुडघ्याइतका खाली आला.

शेवटी इंद्रभानजींनीच तोड सुचवली. ते म्हणाले, की घड्याळं सगळी विलायतेची, त्यांना आपल्याकडची वेळ काय कळणार. खरी वेळ एकाच वस्तूला कळते, ती म्हणजे लग्नात जोशी टाकतो ती घटिका. मला हे एकदम पटलं. आमच्या गल्लीत अशी घटिका होती. म्हाताऱ्या जोशीबुवांची, ते वारल्यावर त्यांची बायको प्रयागबाई हिच्याकडे राहिलेली. साधी तांब्याची वाटी, पिढ्यान्पिढ्या हाताळून पातळ झालेली, तळाला सुई जाईल एवढं भोक. पाणी भरलेल्या घंगाळात सोडायची. भोकातून हळूहळू पाणी चढतं, वाटी भरते आणि बुडते. एक घटिका झाली. तोवर मान वर न करता लिहायचं, बुडाली की पाय मोकळे करायचे, पुन्हा सोडायची. एवढी साधी गोष्ट आजवर कोणा नकलनवीसाला कशी सुचली नाही याचं मला नवल वाटलं.

प्रयागबाई काही सरळ देईना. ती म्हणाली, की घटिका लग्नाशिवाय घराबाहेर जात नाही. मी म्हटलं, लग्नच आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं, पण कोणाचं ते विचारलं नाही. तशी त्यांच्या घरात रीतच नव्हती.

"नवरा-नवरीचं नाव मले सांगू नका," ती म्हणाली. "घटकेले सांगा, हळूच. आन लगन कोन्या गावी, कोनाच्या दारी, ते बी सांगा. नाव घेतल्याबिगर पान्यात सोडू नका. रिकामी तरंगत नाई ते."

वाटीत चिमूटभर पिवळ्या अक्षता टाकून तिनं ती माझ्या हातात दिली आणि स्वतः आत निघून गेली. आली पंचाईत. नवरदेवाचं नाव सोपं होतं. ज्याच्या घरी घटिका तरंगणार त्याचंच घ्यावं लागणार, म्हणजे माझं. त्या काळात दोन-दोन लग्नं करणारे गावात होते, त्यामुळे जीभ अडली नाही. नवरी म्हणून मनकर्णाबाईचं नाव घ्यायला काहीच हरकत नव्हती. पण मला लाज वाटली. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तिला कधी नावानं हाक मारलेली नव्हती. 'ऐकलं का' म्हणायचं आणि तिनं ऐकायचं, असंच आमचं चाले. आता एका वाटीपुढे तिचं नाव घ्यायचं, आणि उद्या ते गल्लीत फुटलं तर लोक काय म्हणणार, की बबनराव बायकोशी पुन्हा लग्न करून राहिलेत. बरं, गावातल्या कुणाच्या मुलीचं नाव घेणं हा तर अधर्म. तेव्हा मी अक्कल चालवली. जी कुठेच नाही अशी नवरी घ्यावी, म्हणजे कुणाचंच नुकसान नाही. मी वाटी तोंडाशी धरली आणि म्हटलं, वर बबनराव, वधू चतुराबाई, राहणार कामरगाव, लग्न रिसोडला वराच्या दारी. कामरगाव एवढ्यासाठी, की तिथे माझं कोणी नव्हतं आणि ते लांब होतं.

वाटी तोंडापासून काढली तेव्हा तिच्यातली एकही अक्षता दिसेना. सांडल्या असतील, असं मी तेव्हा म्हटलं.

पहिल्याच दिवशी काम असं पळालं की काय सांगू. मी माजघरात घंगाळ मांडलं, घटिका सोडली आणि लेखणी उचलली. ती तरंगत असली की घरात एक विलक्षण शांतता होई. चुलीचा आवाज नाही, गल्लीतल्या पोरांचा नाही, मनकर्णाबाई काहीतरी बोलत असे त्याचा नाही. हात आपोआप चाले. मग डुबुक असा बारीक आवाज झाला की सगळं एकदम परत ऐकू येई. संध्याकाळी मोजलं तर जानरावाच्या बरोबरीनं नकला झाल्या होत्या, आणि अक्षर माझं. मी इतका खूश झालो, की बायकोला सांगायला गेलो. पण तोवर ती जेवून झोपली होती, आणि माझं ताट झाकून ठेवलेलं होतं.

दोन-तीन दिवसांनी इंद्रभानजी ओसरीवर आले, पण टेकले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, की शेजारी म्हणून आम्हाला बाहेरून कळावं याचं वाईट वाटतं. मी विचारलं काय कळावं. ते म्हणाले, की कारंज्याच्या बाजारात त्यांच्या मुलाला काही गाड्या भेटल्या, लग्नाचं वऱ्हाड होतं, कामरगावचं. रिसोडचा रस्ता विचारत होते आणि बबनराव नकलनवीसाचं घर कोणत्या गल्लीत ते विचारत होते. मी हसलो. ते हसले नाहीत. ते म्हणाले, की दुसरी करायला आमची ना नाही, पण निदान वऱ्हाडाला उतरवायला जागा कुठे बघितली ते सांगा, कारण आमच्या मळ्यातली विहीर यंदा आटली आहे.

मी त्यांना समजावलं, की हे कोणीतरी थट्टा करतंय. जानरावच असणार. माझं लक्ष उडावं म्हणून असली हलकी युक्ती त्यालाच सुचणार. पण प्रयागबाईच्या ओसरीवर मी वाटीच्या कानात काय बोललो ते जानरावाला कळायचं कसं, हा विचार मनात आला तेव्हा मी दस्ताच्या मध्यावर होतो. घटिका तरंगत होती, म्हणून तो विचार तसाच राहिला.

गल्लीला मात्र उद्योग मिळाला. मांडव घालायचा तर मेढ पूर्वेला असावी की ईशान्येला, यावर समोरच्या ओट्यावर वाद झाला. दोन बायका असल्या की चुली वेगळ्या असाव्यात, असं एका अनुभवी माणसानं मला बाजूला घेऊन सांगितलं. घरात हळदीचा वास यायला लागला होता. हळद कुटल्यावर येतो तसा ओला, गरम वास. मनकर्णाबाईनं डबे उघडून पाहिले, जातं पाहिलं. मग ती शिंकली आणि डबे परत लावले. घंगाळातलं पाणी मी बदलायला गेलो, तर तळाशी पिवळ्या अक्षता होत्या. पहिल्या दिवशी थोड्या होत्या. आता मूठभर होत्या.

मग प्रेमसिंग मंगरुळाहून सरकी पोचवून परत आला. हा माणूस तांड्यावरचा, रात्री-अपरात्री माळावरून गाडी हाकणारा, त्याला भिताना मी कधी पाहिलं नव्हतं. तो माझ्या ओसरीच्या पायरीवर बसला आणि पाणी मागितलं. जाताना मंगरुळाच्या अलीकडे त्याला ते वऱ्हाड समोरून येताना दिसलं होतं.

"घुंगराचा आवाज पह्यले आला, बैल मंग आले," तो म्हणाला. "राम राम केला तं त्याईनं बी केला. पन तोंड कोनाचं पाह्यलं म्हनसान, तं सांगता येत नाई मले. मांगच्या गाडीत पडदा होता. तुमचं नाव घेतलं त्याईनं."

मला त्या क्षणी खरोखर भीती वाटली. ती मी चेहऱ्यावर दाखवली नाही, कारण समोरच्या ओट्यावर माणसं बसली होती. प्रेमसिंगाला मी एवढंच विचारलं, की ते चालत होते कसे, भराभर की सावकाश. त्यावर तो म्हणाला, की तेच तर विचित्र होतं. थोडं चालत, मग थांबत, मग पुन्हा एकदम सगळे बैल एकाच वेळी पाऊल उचलत. कोणी हाकताना दिसलं नाही.

मधल्या रविवारी मला ताप होता. त्या दिवशी मी घटिका टाकली नव्हती. सोमवारी मी घटिका टाकायच्या आत प्रेमसिंगाचा भाऊ मालेगावाहून आला, त्यानं सांगितलं, की रविवारभर एक वऱ्हाड तिथल्या चिंचेखाली बसलं होतं. त्यांनी चूल पेटवली नाही, बैलांना चारा टाकला नाही. यानं जाऊन विचारलं, की कुणाची वाट पाहताय. तर आतून बाईचा आवाज आला, 'घटकेची.'

हे ऐकून मी उठलो तो तडक प्रयागबाईकडे गेलो. ती तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं, म्हणजे लग्न खोटं होतं, नवरी खोटी होती, सगळं. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. ती तांदळातले खडे वेचत राहिली.

"खोटं तुमाले असन," ती म्हणाली. "घटकेले खोटं समजत नाई. एक बुडाली का ते लोकं एक मजल येतेत."

मी विचारलं, की न टाकली तर? ती म्हणाली, न टाकली तर बसून राहतील. पण नटवून गाडीत बसवलेली नवरी किती दिवस रस्त्यात बसून राहील, याचा विचार तुम्हीच करा. परत कधी जातील, असं विचारलं तर म्हणाली, की लग्न लागलं म्हणजे जातील. यापलीकडे तिला माहीत नव्हतं. तिच्या नवऱ्यानं कधी असला धंदा केला नव्हता.

मी घटिका धुऊन फडताळात ठेवली आणि दार लावून घेतलं. आता तुम्हाला वाटेल प्रकरण मिटलं. पण माझी लेखणी चालेना. अगदी एक ओळ चालेना. 'लिहून देणार' एवढं लिहिलं की हात थांबे आणि कान त्या बारीक आवाजाची वाट पाही. खांबावरच्या रेघांनी चालेना, भोंगा परत आला होता त्यानं चालेना. तिकडे जानराव कोणतंही साधन न वापरता सुपारी चघळत होता, आणि त्याच्या ढिगात आता थोडे दस्त उरले होते. माझ्याही थोडेच उरले होते. साहेबांनी निरोप पाठवला, की परवा संध्याकाळपर्यंत पाहीन.

शेवटी मी बायकोला सांगायचं ठरवलं. ती भाकरी थापत होती. मी दारात उभा राहून, चुलीकडे बघत, कामरगावच्या चतुराबाईची सगळी हकीकत सांगितली. ती रडेल, माहेरी जाईन म्हणेल, अशी माझी तयारी होती. तिनं भाकरी उलटली.

"दिसाले कशी हाय ते?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, अगं, ती नाहीच, मी ती मनानं केली, तर दिसायला कशी असणार. तिनं पुढचा गोळा हातावर घेतला आणि म्हणाली, "आली तं तिच्याशी बोलाले येळ भेटन काय तुमाले?"

मी ताट घेऊन बसलो. तोवर भाकरी फुगली. तिनं ती माझ्या ताटात टाकली आणि सांगितलं, की नोकरी जाऊ देऊ नका, टाका घटिका, आलं वऱ्हाड तर मी पाहून घेईन. हे तिनं इतक्या शांतपणे सांगितलं की मला हायसं वाटलं. तिच्या तोंडाकडे पाहून हायसं वाटलं असं मात्र म्हणता येत नाही, कारण मी ताटाकडे पाहत होतो.

मी हिशेब मांडला. वऱ्हाड मालेगावच्या चिंचेखाली होतं. उरलेल्या दस्तांना ज्या घटिका लागतील तेवढ्यात ते शिरपूरपर्यंत येईल, फार तर गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत. दारापर्यंत नक्की नाही. काम झालं की घटिका बंद, मग बसू देत ओढ्यात. नकलनवीसाचा हिशेब सहसा चुकत नाही. पण घर जवळ आलं की बैल आपोआप वेग धरतात, ही शेतकऱ्याच्या पोराला कळणारी गोष्ट मी विसरलो होतो, कारण मला शेती नव्हती.

शेवटच्या दिवशी दुपारीच इंद्रभानजींच्या मुलानं सांगितलं की गाड्या शिरपूरच्या जैन मंदिरापुढून गेल्या. यात्रेकरूंनी वाट सोडून दिली म्हणे. ज्या गल्लीनं आठवडाभर मांडवाची मेढ ठरवली होती, तिची दारं एकेक करून लागायला लागली. इंद्रभानजींनी पाहुण्यांसाठी ओट्यावर पाण्याचा हंडा भरून ठेवला आणि आतून अडसर घातला. शेजारधर्म आणि जीव दोन्ही सांभाळणं यालाच म्हणतात.

मी लिहीत होतो. शेवटचा दस्त उरला होता. शेवटचं पान उरलं होतं. गोरज वेळ झाली; गुरं माळावरून परत येताना धूळ उडते ती नेहमीसारखी उडाली, पण गुरं येऊन गेली तरी धूळ बसेना. घटिका काठोकाठ भरली होती. मला दिसत होतं, हात घालून ती उचलता आली असती. पण पान संपायला चार ओळी होत्या. मी लिहिलं. डुबुक झालं, आणि त्याच वेळी गल्लीत घुंगरं वाजली.

नवरीला उंबऱ्याच्या आत घ्यायच्या आधी घरातल्या बाईनं तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा असतो. मनकर्णाबाईनं ताटलीत भाकरीचा तुकडा घेतला, तांब्यात पाणी घेतलं, डोक्यावर पदर घेतला आणि माझ्या शेजारून बाहेर गेली. तिचं लुगडं माझ्या खांद्याला लागलं. मी उठायला हवं होतं, हे मला समजत होतं. पण 'अस्सलबरहुकूम नक्कल' हे शेवटचे शब्द राहिले होते आणि शाई टाकावर होती. टाक खाली ठेवला असता तर पानावर डाग पडला असता, आणि साहेब डाग चालवून घेत नाहीत.

बाहेर दोन बायका हलक्या आवाजात बोलत होत्या. काय ते कळलं नाही. दोघींचे आवाज मला सारखेच वाटले. मध्ये एकदा कोणीतरी हसलं. मग बांगड्या वाजल्या, जड लुगडं ओढत कोणीतरी गाडीत चढल्यासारखं लाकूड करकरलं, आणि गाड्या वळल्या. घुंगरं लांब गेली. मग बाईमाणूस आत आलं आणि दाराला कडी घातली.

"गेले," ती म्हणाली.

मी मान वर न करता विचारलं, की नवरी? ती म्हणाली, गेली ना. मी पानावर वाळू टाकली, झटकली, सगळे कागद नीट लावले आणि मग वर पाहिलं. ती ताटली हातात घेऊन माजघराच्या मध्ये उभी होती. पदर पुढे ओढलेला, आणि ती सगळीकडे पाहत होती, फडताळाकडे, खुंट्यांकडे, आढ्याकडे. मग चुलीपाशी गेली.

"अवो," ती म्हणाली, "मीठ कुठी असते?"

मला ते माहीत नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून शोधलं.

मी कायम झालो. जानरावाचे दोन दस्त राहिले होते. साहेबांनी माझ्या अक्षराची तारीफ केली आणि त्या नकला आता कचेरीच्या कपाटात आहेत; वाळवी अजून त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही. घटिका मी प्रयागबाईला परत दिली. लग्न लागलं का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. तिनं ती वाटी लुगड्याला पुसली आणि आत ठेवली.

मीठ एखाद्या वेळी सापडत नाही, असं मी मनाला सांगितलं. मनकर्णाबाईनं दमून विचारलं असेल. तिच्या हनुवटीवर गोंदण होतं, ते हिच्याही हनुवटीवर आहे, पण ते वऱ्हाड प्रांतातल्या कोणत्या बाईच्या हनुवटीवर नसतं? तिच्या गोंदणात ठिपके किती होते, हे मला आठवत नाही. ती डावखुरी होती का? मला वाटतं नव्हती. इंद्रभानजींना आडून आडून विचारलं तर ते रागावले, की मी काय तुमच्या घरातल्या बाईमाणसाचं तोंड पाहत होतो काय. अक्षय्य तृतीयेला तिचा भाऊ येऊन जेवून गेला. जाताना म्हणाला, की बाई आता जरा बोलकी झाली. एवढ्यावरून काय ठरवायचं? मग मी तिलाच विचारलं, की आपण लग्नानंतर पहिल्यांदा जत्रेला कुठे गेलो होतो. ती म्हणाली, तुम्हीच सांगा. मला आठवेना. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हसली, आणि ते हसणं इतकं चांगलं होतं की मला घाम फुटला.

आता मी भोंगा वाजायच्या आत घरी येतो. ओसरीवर बसून तिचं सगळं बोलणं ऐकतो. ती काय बोलते ते मला आता पाठ असतं. ती चांगली आहे, हे मी आधीच सांगायला हवं होतं. भाकरी गरम वाढते, माझी काळजी घेते. तीच असेल, तर मी सुखी माणूस आहे. पण तीच नसेल, तर माझी मनकर्णा कुठल्या तरी चिंचेखाली गाडीत पडद्याआड बसलेली आहे. त्यांनी चूल पेटवलेली नाही, आणि मी घटिका टाकेपर्यंत ती तिथून हलणार नाही. हे मनात आलं की जेवण जात नाही.

काल मी प्रयागबाईकडे जाऊन घटिका पुन्हा मागितली. या वेळी खरं नाव घेतो, म्हटलं, माझ्या बायकोचंच घेतो, मोठ्यानं घेतो. प्रयागबाईनं वाटी आणली, अक्षता टाकल्या, पण हातात दिली नाही.

"नाव तं घ्या," ती म्हणाली. "पन आता खूण बी सांगा तिची. नुसत्या नावावर कोनी बी येते, तुमीच पाह्यलं."

मी उभा राहिलो. खूप आठवून पाहिलं. तिचं लुगडं खांद्याला लागलेलं आठवलं, झाकलेलं ताट आठवलं. मग म्हणालो, आज घरी जाऊन नीट पाहतो आणि उद्या येऊन सांगतो.

प्रयागबाईनं वाटी पदराखाली घेतली.

"कोनाले पाहान?" तिनं विचारलं.